भिमाजी मापाड्याचं हुकलेलं माप

तिसगावच्या बाजारात भिमाजी मापाडी पायली हातात घ्यायचा, तेव्हा धान्याआधी त्याचा आवाज पोत्यात पडायचा. सरकारनं किलो आणून बरीच वर्षं झाली होती. पण किलोला गळा नव्हता, भिमाजीला होता.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी हा गळा मधेच अडायला लागला. 'नऊ' म्हणून झालं की त्याची नजर कुठंतरी लागायची, ओठ पान चघळल्यासारखे हलायचे. हात मात्र बिनहिशेबी माप ओततच राहायचे. मग भानावर येऊन तो खणखणीत 'दहा' म्हणायचा. मधलं धान्य व्यापाऱ्याच्या पोत्यात फुकट. भिमाजीला स्वतःला यातलं काही म्हणजे काही कळत नसे.

म्हणून गोरक्ष नावाच्या शेतकऱ्यानं भरबाजारात त्याला अडवलं, तेव्हा तो उखडलाच.

"भिमाजी, माजी मापं गिळलीस तू."

"मी? आरं, माजं प्वाट केवढं, पायली केवढी!"

लोक हसले. गोरक्ष हसला नाही. "मढीच्या नाथाची शपथ घे."

भिमाजीनं मढीला नाथाच्या देवळात जाऊन, पायरीवर हात ठेवून 'येकबी माप चुकलं न्हाई' अशी शपथ घेतली. पण पुढच्याच बाजारात श्रीमंत नावाच्या व्यापाऱ्यानं, म्हणजे ज्याचा फायदा होत होता त्यानंच, डोळ्यांनी पाहिलं आणि सांगितलं, "गड्या, तू थांबतोस, पन तुजं हात थांबत न्हाईत." भिमाजीनं घरी येऊन पायली पालथी घातली. आपण नाथापुढं खोटं बोललो का खरं, हे कळेपर्यंत ती उचलायची नाही, असं त्यानं ठरवलं.

पाथर्डीचे डॉक्टर म्हणाले, हे मुकं फेफरं असावं. पुण्याला जाऊन डोक्याचा आलेख काढा.

"फेफरं आसतं तर पडलो नसतो का?" भिमाजी कुरकुरला. तरी निघाला. मोठ्या डॉक्टरला डोकं दाखवायचं म्हणून बायकोनं, रतनबाईनं, त्यात अर्धी वाटी खोबरेल जिरवलं. पुण्याला तारांच्या चकत्या डोक्यावर ठरेनात.

"मावशी," यंत्रवाला म्हणाला, "डोकं तपासायचंय का तळायचंय?"

"मंग काय, कोरडं डोकं घिऊन यावं व्हय मोठ्या दवाखान्यात?"

डोकं साबणानं धुतलं, तारा लागल्या, लेखण्या कागदावर खुरखुरू लागल्या. पहिल्या कागदात काहीच सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "झटका आला नाही तर कागद तरी काय सांगणार? दिवसभर लावून ठेवू."

दिवसाउजेडी आडवं पडायची भिमाजीला सवय नव्हती. छताकडं बघून कंटाळला, आणि हवेतच मापं घालायला लागला. चौदावर आला आणि अडला. ओठ चघळू लागले, हात रिकामी हवा ओतत राहिले. रतनबाईचा हात वहाणेकडं गेला, कारण फेफऱ्याला वहाण हुंगवायची रीत. पण हात लावू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईनं तो हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिली. लेखण्या वेड लागल्यासारख्या नाचल्या, मग शांत झाल्या.

"पंधरा," भिमाजी म्हणाला.

डॉक्टरांनी कागद उलगडला. "हे तुमचं चौदा. हे पंधरा. आणि हे मधलं, यात तुम्ही नव्हतातच. लबाडी नाही ही, आजार आहे. गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात येईल."

"सुटलं गं बाई!" रतनबाईनं डोळ्याला पदर लावला.

भिमाजी त्या मधल्या नाचावर वीत ठेवून बसला होता. "म्हंजी गोरक्षाचं खरं व्हतं."

"पन तुमी मुद्दाम केलं का?"

"आगं, 'मला ठावं न्हाई' आशी कुटं घेतली शपथ? 'चुकलं न्हाई' आशी घेतली."

एस्टीतून उतरला तो घरी न जाता थेट गोरक्षच्या खळ्यावर गेला. "गोरक्षा, तुजी मापं गेली व्हती. माजी शपथ खोटी पडली." आणि सगळं सांगितलं.

गोरक्षनं बैलाचं दावं उगीचच सोडलं, पुन्हा बांधलं. "मी तुला चार लोकांत चोर म्हनलो, त्येचं काय आता?"

"त्ये तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. मला पेलायचं न्हाई."

पुढच्या बाजारी गोरक्षनं श्रीमंतच्या दुकानापुढं बाजरी ओतली. भिमाजी लांब लिंबाखाली उभा होता. गोरक्षनं हाळी दिली, "ये, भर."

"न्हाई गड्या. गोळ्या आत्ताच चालू झाल्यात."

"तू भर, मोजतो मी. आडलास तर पायली काढून घिईन."

"विकनाराच मोजनार?" बाजारातून कुणीतरी खोकलं.

श्रीमंत म्हणाला, "मोजू द्या. उन्हं व्हायला लागली."

भिमाजी बसला. पायली भरली, तळव्यानं वरची शीग उतरवली, आणि ओतायच्या आधी मान वर करून गोरक्षकडं पाहिलं.

"बगतोय," गोरक्ष म्हणाला. "वत."