चढवलेली दोरी

जवसाच्या तेलाचा वास आला की मला एका जागी बसवत नाही. तळोद्याच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो, तेव्हा पुण्याच्या एका संग्रहालयासाठी डोंगरातल्या वस्तू पुसून, तेल लावून फळ्यांवर बसवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एका म्हाताऱ्या भिल्लानं दिलेलं, त्याच्या बापाचं बांबूचं धनुष्य होतं. फळ्या करणारे सुतारचाचा म्हणाले, "मास्तर, दोरी उतारी ठेवा. तानेल ऱ्हायनं तं बांबू मरी जास." पण दोरी उतरवली तर बांबू सरळ होऊन बघणाऱ्यांना नुसती काठी दिसेल, आणि खोकं दोन दिवसांत नंदुरबार स्टेशनावर पोचवायचं होतं. मी दोरी चढवूनच धनुष्य पितळी आकड्यांत बसवलं. बाजारच्या दिवशी म्हातारा ते बघायला आला. त्यानं विचारलं, "कोनले मारनं शे?" कोणालाच नाही, मी म्हटलं. "मंग दोरी कसाले चढायेल शे?" त्यानं दोरीकडे हात नेला, फळीचं रोगण ओलं आहे म्हणत मी तो अडवला. तो पाणीही न पिता गेला. खोक्याला खिळे ठोकताना मी चारदा थांबलो, दारापर्यंत जाऊन आलो, पण खोकं उघडलं नाही. परवा, इतक्या वर्षांनी, पुण्यात ते काचेआड दिसलं. तिथल्या माणसाला विनवून मी दोरी उतरवून घेतली. धनुष्य तसंच वाकलेलं राहिलं.