वावरातला ट्रॅक

माझ्या दादाला गाड्यांचं वेड होतं आणि आमच्या बाबांना त्या वेडाचा राग होता. लग्न होऊन मी अमरावतीला आले तरी सुटका नव्हती. अकोल्याहून फोन आला की एकाकडून गाडीचं कौतुक ऐकायचं आणि दुसऱ्याकडून गाऱ्हाणं.

बाबा स्वतः तरुणपणी शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवायचे, म्हणजे हे वेड काही आभाळातून पडलं नव्हतं. पण ते त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. मधे काही वर्षं कोर्टाच्या बंदीमुळे पट बंद होता, तेव्हा दादा, त्याचा एक दातांचा डॉक्टर मित्र, एक वकील आणि एक जिनिंगवाला अशा चौघांनी जुन्या मारुती घेतल्या. आत लोखंडी पाइपांचे पिंजरे बसवले. कापूस निघून पऱ्हाट्या उपटल्या की मूर्तिजापूर रस्त्यावरच्या आमच्या वावरात रोलर फिरवायचा, चुना टाकून लांबट गोल आखायचा, आणि एकेका गाडीने घड्याळ लावून पळायचं. त्याला ते चॅम्पियनशिप म्हणत. मी हसायचे, पण सासरी सांगताना मीही चॅम्पियनशिपच म्हणायचे. पुढे आणखी हौशी लोक येऊ लागले, थेट परतवाड्याहूनसुद्धा. जिंकेल त्याने सगळ्यांना गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घालायची, हा पटातला रिवाज तेवढा त्यांनी उचलला होता. बहुतेक वेळा जिंकायचा दादा आणि वांगी चिरायची वहिनी.

बाबा बांधावरच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून ट्रॅककडे पाठ करून बसत. गाडीत एक चक्कर मारा म्हटलं की म्हणत, "बाहेरचे लोक ज्या दिवशी तुह्या शर्यतीले शर्यत म्हनतीन, त्या दिवशी बसतो."

दादाने ते मनावर घेतलं. दोन वर्षं मागे लागून त्याने राज्याच्या हौशी स्पर्धा भरवणाऱ्या पुण्याच्या क्लबला ट्रॅक पाहायला यायला राजी केलं. ट्रॅक पसंत पडला तर स्पर्धेची एक फेरी दरवर्षी आमच्या वावरात होणार होती. "बाबा बसतीन आता गाडीत," एवढंच तो मला फोनवर म्हणाला. फेरीचं नंतर सांगितलं.

पाहुणे आले त्या दिवशी मीही गेले होते. बाबा धुतलेलं धोतर नेसून पहिल्यांदाच ट्रॅककडे तोंड करून, पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवात बसले. आधी बाकीच्या गाड्या सरावाला पळाल्या आणि मांडवात धुळीचा लोट आला. पाहुणे रुमालाने डोळे पुसत होते, खोकत होते. बाबा शरमेने अर्धे झाले. दादा पार दुसऱ्या टोकाला, हेल्मेट घालून गाडीत बसलेला. बाबांनी पाण्याच्या टँकरवाल्याला हाक मारली.

"मांडवासमोर पानी मार रे. पावन्यायच्या नाकातोंडात धूळ जाऊन राहिली."

काळी माती ओली झाली की साबण होते, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. मांडवात निम्मे शेतकरी होते. पण पाहुणे आले की अंगणात सडा टाकायचा, हे आम्हाला त्याच्याही आधी शिकवलेलं असतं. धूळ बसली, पाहुणे मान डोलावून हसले आणि मला वाटलं, चला, बाबांनी एकदाची शर्यत आपली मानली. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू.

दादाची गाडी मांडवासमोरच्या वळणावर आली, स्वतःभोवती फिरली आणि घसरत मांडवापुढे बांधलेल्या दोरखंडापाशी येऊन थांबली. कुणाला लागलं नाही. पाहुणे अगदी गोड बोलले. जमिनीचा भरवसा वाटत नाही, पुढे कधीतरी पाहू, म्हणाले. रोडगे मात्र मागून मागून खाल्ले. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, अजूनही येतो.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं रे?"

दादाने चिखलाने भरलेल्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बिरेक नाई लागले, बाबा."

त्याच उन्हाळ्यात त्याने गाडी विकली. पुन्हा शर्यत ठेवायची तर बाबांना पाणी मारू नका म्हणून सांगावं लागलं असतं, आणि तेवढं एक वाक्य त्याच्याने बोलवलं नाही. हळूहळू बाकीच्यांचीही हौस विरली. सगळं संपलं. आता पट पुन्हा सुरू झालेत, पण बाबा तिकडेही जात नाहीत.

गेल्या दिवाळीत मी बाबांबरोबर वावरात गेले होते. रोलरने दबलेल्या जागी तूर अजूनही खुजी राहते, त्यामुळे उभ्या पिकात तो गोल दिसतो. खोल नांगरून टाकू, असं ट्रॅक्टरवाला दरवर्षी म्हणतो आणि बाबा दरवर्षी नको म्हणतात. मांडव होता त्या वळणापाशी ते थांबले.

"बिरेकच नव्हते ना लागले तवा?"

मी तशी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण म्हटलं, "हो बाबा, ब्रेकच."

त्यांनी वाकून तुरीचं एक खुजं झाड सरळ केलं.

"मंग गाडी काहून इकली त्यानं? बिरेक तं बदलता येते."