प्रश्नात घातलेलं नाव

नृसिंहमास्तर निवडून आले तेव्हा पाथर्डीत सगळ्यात जास्त नवल मास्तरांनाच वाटलं. साल शेहेचाळीस. उभं करायला दुसरा बिनभानगडीचा माणूस सापडेना, तेव्हा बेचाळीसात आठ महिने आत जाऊन आलेल्या या शाळामास्तराला लोकांनी घोड्यावर बसवलं. पंचवीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलेला गृहस्थ, आवाज असा की तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नसे. मुंबईच्या असेंब्लीत जागा मिळाली तीही शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. पहिल्या वर्षात मास्तर दोनदा बोलले, आणि त्यातलं एकदा पंखा बंद करा म्हणाले.

पण मागच्या बाकावरच्या माणसालाही एक गोष्ट करता येते. त्याला प्रश्न विचारता येतो. कागदावर लिहून आधी द्यायचा, मग ठरल्या दिवशी मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं. मास्तरांना ही सोय फार आवडली. जन्मभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? दिलेला कागद पुढे कुठून कुठे जातो, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते विचारलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

त्या साली तालुक्याच्या पूर्वेला पिकं उभी वाळली आणि सरकारने रस्त्याच्या खडीचं दुष्काळी काम काढलं. तीनशे माणूस, त्यात निम्म्याहून जास्त बाया. नियमांच्या पुस्तकात एक चांगला नियम होता. बाई अवघडली की तिचं नाव हजेरीवर ठेवायचं, काम घ्यायचं नाही, बाळंतपणानंतर तीन आठवडे तिला घरबसल्या धान्य द्यायचं. छापलेलं पुस्तक मास्तरांनी मुंबईत पाहिलं होतं. खडीवर मात्र वेगळीच रीत चालू होती. पोट दिसायला लागलं की नाव खोडायचं, आणि 'मोकळी झालीस की ये' म्हणून वाटेला लावायचं. पोटुशा बाया म्हणून लुगडं सैल नेसून, ओचा पुढे काढून, शेवटपर्यंत हातोडा मारत बसायच्या.

जानेवारीत मास्तर खडीवर गेले तेव्हा बाया बोलेनात. एकटी लंकाबाई बोलली. वीस-बावीस वर्षांची, नवरा ऊसतोडीला बेलापूरकडे गेलेला, घरी सासू बनुबाई. हातोडा खाली न ठेवताच ती म्हणाली, "मास्तर, माझं बी नाव काढत्याल आता. चार बायांचं काढलं. तुमी इचारा की वर."

"विचारतो," मास्तर म्हणाले.

पंधरा दिवसांत तिचं नाव खोडलं गेलं. मास्तरांनी मुंबईत प्रश्न लिहून दिला: दुष्काळी कामांवर गरोदर स्त्रियांची नावे कमी केली जातात हे खरे आहे काय? कागद परत आला. शेरा होता 'मोघम'. त्यांनी तालुका घातला, कामाचं ठिकाण घातलं. पुन्हा परत. कचेरीतला एक वयस्क कारकून कळवळून म्हणाला, "अहो मास्तर, एखादं नाव घाला. नाव असलं की कुणाला टाळता येत नाही."

मास्तरांनी नाव घातलं. लंकाबाई, अमुक गाव, अमुक तारखेला नाव कमी केले, धान्य नाकारले, हे खरे आहे काय? आपल्या वळणदार अक्षरात, शिरोरेघ न मोडता लिहिलं. प्रश्न दाखल झाला. त्या दिवशी ते चौपाटीवर जाऊन भेळ खाऊन आले, असं त्यांनीच पुढे एकदा सांगितलं, आणि सांगताना तोंड फिरवून बसले.

होळीला चार दिवस सभा तहकूब झाली. मास्तर गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी उन्हं चढायच्या आत खडीवर गेले. काहीतरी बिघडलंय हे त्यांना लांबूनच कळलं. एरवी मास्तर आले की बाया डोईवरचा पदर सावरून हसायच्या. आज एकही मान वर झाली नाही. तीनशे हातोडे एका ठेक्यात पडत होते. एका म्हातारीपाशी त्यांनी प्यायला पाणी मागितलं, तर ती घागर उचलून पलीकडे निघून गेली. पाथर्डी तालुक्यात उन्हात आलेल्या माणसाला कुणी पाणी नाकारत नाही.

हजेरीच्या छपरीतून राधाकृष्ण लगबगीने बाहेर आला आणि त्यांच्या पाया पडला. हा इथला हजेरी कारकून, मास्तरांच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. अतिशय नम्र पोरगा.

"मास्तर, तुमचा प्रश्न आला होता," तो म्हणाला.

"कुठे?"

"इथेच. मुंबईहून नगरला, नगरहून मामलेदारांकडे, तिथून माझ्याकडे. माहिती मीच भरायची ना! अक्षर लगेच ओळखलं तुमचं."

ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात तक्रार करणारीचं नाव आपण आपल्या हस्ताक्षरात नेऊन दिलं, हे मास्तरांच्या आत्ता ध्यानात आलं. उत्तर सभागृहात यायचं होतं आणखी आठ दिवसांनी. इथे ते केव्हाच तयार झालं होतं.

"मग काय भरलंस?"

"नाव कमी केलेलं नाही, बाई कामावर हजर आहे, असं भरलं. वरून तसं सुचवलं गेलं. खोटं नाही हं, मास्तर. नाव पुन्हा चढवलंय. सभेत उत्तर होईस्तोवर तिला रोज हजर ठेवायचं, असा हुकूम आहे. मध्येच कुणी तपासायला आलं तर?" त्याने बोट दाखवलं.

बाभळीखाली लंकाबाई बसली होती. डोक्याला फडकं गच्च बांधलेलं, पुढ्यात दगडांचा ढीग, शेजारी पाटीत चिरगुटात गुंडाळलेलं मूल. बनुबाई तिच्यामागे टेकू द्यावा तशी बसली होती.

"सटवी पुजली अन् दुसऱ्या दिशी बोलावनं आलं," बनुबाई म्हणाली. "म्हनले, आली न्हाई तर तुझं बी नाव काढू अन् लेकाचं बी पुन्यांदा लावनार न्हाई. बाळंतीन बाराव्या दिसापातूर उंबरा वलांडत न्हाई, मास्तर. म्या हिला पाठीवर आनली."

लंकाबाईचे डोळे चमकत होते. मास्तर खाली बसले. "लंकाबाई, मी प्रश्न मागे घेतो. आजच मुंबई गाठतो, सही करून देतो. मग तुला घरी सोडतील."

"मागं घेतला की बाकीच्या बायांचं काय?"

मागे घेतला की तो नियम पुस्तकातच राहणार, आणि चाळीसएक पोटुशा बाया खडीवरच मोकळ्या होणार, हे दोघांनाही कळत होतं.

"माझं नाव मुंबईत गेलं, व्हय?" ती एकदम म्हणाली, आणि हसली. "आमच्या घरात कुनाचं नाव नगरला बी गेलं न्हाई. ऱ्हाऊ द्या मास्तर. आठ दीस तर हायेत. बसून हातोडा तर मारायचा."

इथे मास्तर चुकले. मी त्यांना माणूस म्हणून फार मानतो, पण हे मी झाकणार नाही. तिच्या कपाळाला हात लावला असता तर त्यांना ताप कळला असता. ते विचार करत राहिले ते चाळीस बायांचा, सभागृहाचा, आणि खरं सांगायचं तर थोडा त्या उत्तराचाही, जे ऐकायला वर्तमानपत्रवाले बसलेले असतील. राधाकृष्णाला त्यांनी तिला सावलीत ठेवायला बजावलं. "ठेवतो की," तो म्हणाला, आणि पुन्हा पाया पडला. मास्तरांनी घरून बाळंतकाढ्याची बाटली पाठवली आणि मोटारीने नगर गाठलं.

मुंबईत ते आठ दिवस मास्तर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. चारदा ते कचेरीच्या दारापर्यंत गेले, प्रश्न मागे घेण्याचा अर्ज खिशात होता. चारही वेळा परत फिरले. आणखी तीनच दिवस. आणखी दोनच.

प्रश्नाच्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नीची, विजयाबाईंची तार आली. 'लंकाबाई काल कामावर वारली. मूल आधीच.' तार हातात धरूनच ते सभागृहात गेले आणि खांबाआड बसले.

त्यांच्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला गेला. मंत्री उठले, चष्मा लावून वाचू लागले. ते भले गृहस्थ होते, समोर ठेवलेलं वाचत होते. "नाही. सदर स्त्रीचे नाव कमी केलेले नाही. ती कामावर हजर आहे."

मास्तर उभे राहिले. "हजर आहे म्हणजे कोणत्या दिवशी?"

"मोठ्याने!" पुढून कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

"ती काल मेली," मास्तर म्हणाले. तिसऱ्या बाकापर्यंत पोचलं असेल. सभापतींनी कानाला हात लावला आणि म्हणाले की माननीय सदस्यांना नवी माहिती हवी असेल तर त्यांनी रीतसर नवा प्रश्न द्यावा. पुढचा क्रमांक पुकारला गेला.

नवे प्रश्न मास्तरांनी पुढे पुष्कळ दिले. एकातही नाव घातलं नाही, आणि सगळे 'मोघम' म्हणून परत आले. मग अंदाजपत्रकाची एक वाट त्यांना सापडली. दुष्काळी कामांच्या खर्चाची मागणी मताला आली की तीत एक रुपया कमी करा अशी सूचना मांडता येते. तीवर बोलता येतं, आणि नाव कुणाचं द्यावं लागत नाही. दरसाल मास्तर ती सूचना मांडत, बाळंतिणींबद्दल तेच बोलत. अशी सूचना शेवटी मागे घ्यायची असा रिवाज असतो. मास्तर घेत नसत. मत टाकायला लावत, आणि त्यांचा एकट्याचा 'होय' शेवटच्या बाकावरून येई. सभासद त्यांना 'रुपयावाले मास्तर' म्हणायचे. एकोणपन्नासाला कधीतरी एक परिपत्रक निघालं, तो नियम पाळा म्हणून. त्यात मास्तरांचा हात किती, देव जाणे.

त्याच साली बनुबाई बाजारच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर आली. मास्तरांपुढे सभेच्या कामकाजाची छापील पुस्तकं होती.

"मास्तर, लंकीचं नाव मुंबईत हाय का आजून?"

"आहे." त्यांनी पुस्तक उघडलं, पान त्यांना पाठ होतं. "हे बघ, इथे. छापलंय."

बनुबाईने त्या ओळीवर बोट ठेवलं. "काय लिवलंय?"

मास्तरांनी जन्मात मुलांना चुकीचं वाचून दाखवलं नव्हतं. "कामावर हजर आहे, असं लिहिलंय."

म्हातारीने त्या ओळीवरचं बोट काढलं नाही.

"आजून सुट्टी न्हाई दिली व्हय तिला?" ती म्हणाली.