थोरल्या मास्तराने डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं

शिंप्याच्या त्या दुकानात दोन भाऊ होते. थोरला मागच्या टेबलावर कापड बेतायचा, धाकटा पुढे मापं घ्यायचा. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून "साहेब, दहा वर्षांनी लहान दिसताय" म्हणायचं कामही धाकट्याचंच. तीस वर्षं कात्री चालवून थोरल्याच्या अंगठ्याला घट्टा पडला, आणि लोक दारातूनच विचारत, "धाकटे मास्तर आहेत का?" थोरला ऐकायचा आणि जळून खाक व्हायचा. धाकट्याचं हसू, त्याचे दाट केस, त्याची सासू, सगळ्याचाच त्याला हेवा वाटे. दुसऱ्याच्या सासूचा हेवा करणारा माणूस विरळाच, पण हा होता.

अलीकडे त्या हेव्याच्या शेजारी दुसरंच काही येऊन बसलं होतं. कापडावर खडू टेकवला की वाटायचं, आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे? पुढे तर मरून जावं असंच थेट वाटू लागलं. तो दोनदा दवाखान्यात गेला आणि दोन्ही वेळा "झोप लागत नाही" एवढंच सांगून परतला.

मग एके दिवशी दुसऱ्या बाहीसाठी कागदी साचा उलटा करायला विसरून त्याने कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. नवशिक्याने केली तर कान पिळावा अशी चूक. धाकट्याने अवाक्षर काढलं नाही, उरलेल्या कापडातून उजवी बाही बेतून दिली. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घ्या, आता कात्रीही घ्या!

"दादा, चल, डॉक्टरांकडे जाऊ," धाकटा म्हणाला.

"तू कशाला? दुकान कोण बघणार?"

"बंद ठेवू. चल म्हणतो ना."

दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या ताई धाकट्याला बघून म्हणाल्या, "तुमचं गुरुवारी असतं ना?"

थोरल्याने कान टवकारले. बाकावर बसल्यावर धाकट्याने हळूच सगळं सांगून टाकलं. "कापड आणायला जातो म्हणायचो ना, तेव्हा मी इथे यायचो. वर्ष झालं. दादा, मला जगावंसंच वाटत नव्हतं. इथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा कुठे वाट सापडली. माझीही मापं तेव्हा अशीच चुकत होती. त्या बाह्या बघून मी घाबरलो रे."

भावाला जवळ घ्यावं, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, ते राहिलं बाजूला. थोरल्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: इथेही हाच पुढे! त्याला स्वतःची लाज वाटली, पण आलं खरं.

त्याचा नंबर लागला. धाकटा बाहेरच थांबला.

"झोप काय म्हणतेय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झोपेचं सोडा," थोरला तडकून म्हणाला. "मला मरावंसं वाटतं. रोज. आणि माझं त्याच्याहून जुनं आहे!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या दचकल्या नाहीत की उपदेशाला लागल्या नाहीत. "सांगितलंत, फार बरं केलंत. कधीपासून वाटतंय? काही करायचं ठरवलं होतं का?" ताप कधीपासून आहे विचारावं, तसं सरळ विचारलं. त्यानेही सरळ सांगितलं, मनात ठरवलेलं होतं तेसुद्धा. मग भावावरचा सगळा राग निघाला, केसांपासून सासूपर्यंत. सासूपाशी बाईंना हसू आवरेना, तेव्हा तोही हसला आणि हसता हसता रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं.

"औषध आणि बोलणं, दोन्ही सुरू करू," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा यायचं. तोवर एकटं राहायचं नाही. तुमच्याजवळ कोण थांबेल? कुणाला बोलावू?"

थोरल्याने दाराकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याने धाकट्याकडे साधी टाचणी मागितली नव्हती. काचेपलीकडे धाकटा उभाच होता, बसलाही नव्हता.

"धाकट्याला बोलवा," थोरला म्हणाला. "मला एकट्याला भीती वाटते."