उघड्या फाटकाचा जाब विचारणारे तांडेल वकील

वकील श्री. हरिश्चंद्र तांडेल यांची आणि माझी ओळख एका कुत्र्यामुळे झाली. गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, असा बरेच दिवस विचार करत होते. शेवटी देवापुढे बसले आणि जे घडलं तेच लिहायचं ठरवलं. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. जाणकारांनी चूकभूल पोटात घालावी.

पाच वर्षांपूर्वी आम्ही कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या बाजूला नवीनच राहायला आलो होतो. एका सकाळी फुलं घेऊन दत्ताच्या देवळात निघाले, तर समोरच्या बंगल्याचं फाटक उघडं, आणि त्यांचा अल्सेशियन थेट माझ्या अंगावर. माझा उजवा हात तो सोडीचना. टाके पडले, पोटात इंजेक्शनं घेतली, पण दोन बोटं ताठ ती ताठच. लाटणं धरवेना, जपमाळ ओढवेना. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत ऑपरेशन केलंत तर बोटं वळतील. नंतर आशा धरू नका." आमच्या ह्यांच्या कारखान्यातल्या पगारात तो खर्च बसणारा नव्हता.

शेजारणी म्हणायच्या, "बंगलेवाल्यांकडून भरपाई घ्या की!" सासूबाई म्हणाल्या, "अगं, दत्ताच्या पायाशी बसणारं जनावर ते. त्याच्यावर केस करतेस?" माझंही मन तिथेच अडकलं होतं. तरी भीत भीत करावे गावात तांडेलसाहेबांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी दारातच म्हणाल्या, "बस गो बाय. पानी पी आधी, मंग बोल." साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. सासूबाईंचं बोलणं सांगितलं तेव्हाही ते हसले नाहीत. म्हणाले, "आजींना माझा नमस्कार सांगा. केस कुत्र्यावर नाही, फाटकाला कडी न लावणाऱ्यावर आहे. कडी लावणं काही दत्तमहाराजांचं काम नव्हे." घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "वकील धर्माचं बोलतो. जा."

साहेबांचा खरेपणा मी त्या पहिल्याच भेटीत पाहिला. नुकसानीत मी फाटलेल्या साडीची नव्याची किंमतही सांगितली होती. त्यांनी विचारलं, "नवी होती का?" म्हटलं, "नाही, दोनदा शिवलेली." "मग राहू द्या. एक खोटं घातलं की बाकीचं खरंही खोटं दिसतं."

नोटीस गेली आणि तिचं उत्तर आलं. बंगलेवाल्यांनी लिहिलं होतं की, बाईंनी आमच्या घरी खण-नारळ घेऊन चार बायकांदेखत प्रकरण मिटवलं आहे. खण-नारळ मी घेतला होता, हे खरं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यांच्या घरून बोलावणं आलं, मी गेले. सवाष्णीनं भरल्या ओटीला नाही कसं म्हणायचं? एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला, रडतच म्हटलं, "ओटी परत करू का?" ते म्हणाले, "मुळीच नाही. ती देवीची आहे. आपण समोरासमोर बसू."

साहेबांच्या घराच्या ओटीवर दोन्ही घरं बसली. बंगलेवाले तावातावानं बोलत होते. साहेबांनी त्यांना बोलू दिलं, मग त्यांच्या पत्नीला अदबीनं विचारलं, "वहिनी, त्या गुरुवारी तुम्ही किती जणींची ओटी भरलीत?"

"पाच."

"पाचही जणींना कुत्रा चावला होता का?"

त्या माऊलीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, लक्ष्मीच्या ओटीची पावती करू नका. कडी मीच विसरले होते."

"तू गप्प बस."

"गप्प बसले म्हणूनच इथवर आलं."

त्याच आठवड्यात बंगलेवाल्यांनी भरपाईचे पैसे दिले, मुदतीत ऑपरेशन झालं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्या बैठकीतून उठण्याआधी साहेबांनी बंगलेवाल्यांनाही चहा पाजला होता आणि बजावलं होतं, "कुत्र्याला मारू नका. फाटकाला स्प्रिंग बसवा." मी दवाखान्यात असताना, साहेबांच्या ज्या घरात रोज मासळी शिजते त्या घरून, मासळी न खाणाऱ्या सासूबाईंसाठी आठवडाभर वरणभाताचा डबा येत होता. डबासुद्धा वेगळा, नवा घेतलेला.

साहेब आज साठ वर्षांचे झाले. परमेश्वर त्यांना शंभरीपर्यंत धडधाकट ठेवो, आणि त्यांच्या ओटीवर आलेलं माणूस माझ्यासारखंच हलकं होऊन घरी जावो. माझी करंगळी अजून जरा वर राहते, पूर्ण मिटत नाही. पण पोळ्या होतात, माळ होते, आणि साहेबांना नमस्कार करायला दोन्ही हात नीट जुळतात.