साहेबांना साखर चालते का?

अख्ख्या सिल्वासात पायऱ्यांशी भांडणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा मेव्हणा. बायकोचे थोरले भाऊ. मूळ नाशिकचे, इथून जवळच्या मसाटच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, निवृत्त झाले आणि शहरातल्याच आमली भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहू लागले. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत बसलेले असतात, पण स्वस्थ म्हणाल तर क्षणभरही नाही. अशा माणसाने हसतमुख, सोशिक आणि प्रेरणादायी असावं अशी लोकांची फार अपेक्षा असते. मेव्हण्यांनी ती एकहाती मोडीत काढली. पत्त्यांत ते उघड लबाडी करतात, दुसऱ्याच्या ताटातला पापड पळवतात, आणि कुणी "काका, तुमच्या हिमतीला सलाम" म्हणालं की "हिंमत कसली डोंबलाची, भाजी आणायला निघालोय" असं म्हणून त्याला वाटेला लावतात.

"माझे पाय आहेत तसे आहेत. अडतं ते तुमच्या पायरीमुळे," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. बाजारातल्या एका कापडवाल्याच्या दुकानाला उंच पायरी होती. मेव्हण्यांनी सदरे बाहेर मागवले आणि भर रस्त्यात, बनियनवर बसून, एकेक घालून बघायला लागले. आरसा धरायला अर्थात मी. "जावईबापू, यात पोट दिसतंय का हो?" हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की समोरच्या रिक्षावाल्यांनीही मत दिलं. पुढच्या आठवड्यात पायरीवर लाकडी उतार आला. सदरा मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही.

एकाच गोष्टीने ते खरोखर दुखावतात. मी खुर्ची ढकलत असलो की लोक त्यांच्याविषयी सगळं मला विचारतात. वेटर विचारतो, "यांना तिखट चालेल?" डॉक्टर विचारतात, "यांना झोप लागते ना?" माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. वधूला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. पण हॉलला पायऱ्यांची ही मोठी चढण! खुर्ची उचलायची कशी यावर चौघांचं एकमत होईना, मुहूर्त जवळ आला, आणि कुणीतरी मलाच विचारून चुलतमामांना पुढे केलं. मेव्हणे आत पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. "चौघांनी उचलून न्यायचा प्रसंग एकदाच यावा. मी अजून मेलो नाही," एवढंच ते बोलले. त्या दिवशी त्यांनी कुणाचाही पापड पळवला नाही.

म्हणून आमलीत नवं सभागृह होणार म्हटल्यावर ते हात धुऊन मागे लागले. धाकटीचं लग्न तिथेच व्हायचं होतं. आराखड्यात पुढे रुबाबदार पायऱ्या, आणि खुर्चीसाठी उतार मागे, खरकट्याच्या पिंपांशेजारून. आराखडा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचं नेमकं तेव्हाच एक दिवसाचं प्रशिक्षण निघालं, आणि 'दिव्यांगांच्या समस्या' या विषयावर बोलायला बोलावलं कुणाला, तर मेव्हण्यांना!

त्यांनी भाषण केलंच नाही. बाहेर गप्पा मारत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांना आत बोलावून आपापल्या साहेबांशेजारी बसवलं, आणि सगळं बोलणं ड्रायव्हरांशीच सुरू केलं. साखर घातलेल्या चहाचा कप पुढे ठेवत सगळ्यांत मोठ्या साहेबांच्या डोक्यावरून त्यांच्या धुळ्याकडच्या ड्रायव्हरला विचारलं, "यांना साखर चालते का?"

"बिगर साखरना चहा लागस त्यास्ले," ड्रायव्हर खुलून म्हणाला, "पन मिटिंगमा बिस्किटं दाबी खातस!"

"अरेरे. सही स्वतः करतात, की तुम्ही हात धरता?"

साहेब लाल झाले आणि रागाच्या भरात मातृभाषेत, गुजरातीत शिरले. "अरे भाई, मने पूछो ने! हुं अहीं ज बेठो छुं!"

मेव्हण्यांनी तेव्हा प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, सकाळपासून तुमच्यात काही बिघडलं का? नाही ना? बिघडलं ते आमच्या वागण्यात. माझंही असंच आहे." मग शांतपणे आराखडा उलगडला. "मला भाचीला पुढच्या दाराने न्यायचंय. पिंपांशेजारून नाही."

साहेबांनी आराखडा जवळ ओढून पाहिला. मग स्वतःच हसले आणि तो साखरेचा चहा पिऊन टाकला. उतार पुढे आला, व्यासपीठालाही आला.

धाकटीच्या लग्नात मी सवयीने खुर्चीच्या मुठी धरायला गेलो. "जावईबापू, हात काढा," मेव्हणे म्हणाले. भाचीचा हात खांद्यावर घेऊन, स्वतः चाकं फिरवत, ते पुढच्या दारातून थेट बोहल्यापर्यंत गेले. मी मागे राहिलो. इतकी वर्षं ढकलायची सवय झालेल्या हातांचं काय करावं मला कळेना, आणि एवढा आनंद असूनही आतून थोडं रितं वाटलं.

जेवणात वाढप्याने माझे रडून लाल झालेले डोळे पाहिले आणि बिचकून मेव्हण्यांना विचारलं, "काका, यांना गोड चालतं का?"

माझ्या ताटातला पापड उचलत मेव्हणे म्हणाले, "त्यांनाच विचार की. समोर तर बसलेत."