मोसंबीवरचा केशरी पतंग

अख्तरबानू बागवान मंडईत तीस वर्षं मोसंबी विकतात. "ही नको, हिला पतंगाने सोंड खुपसलीय," असं गिऱ्हाइकाला त्याच सांगतात. सालीवर सुईएवढं भोक, आत सगळं नासलेलं.

हे पतंग कधी कधी क्रेटमधूनच येत. मिटून बसले की वाळकं पान; पंख उघडले की मागचे दोन लखलखीत केशरी, मधोमध काळा ठिपका. कीटकांचा अभ्यास करणारी नम्रता फळं घ्यायला यायची, ती त्यांचे फोटो काढू लागली. तिच्या यादीत त्यांच्या दोन जाती होत्या: एक साधी तपकिरी, दुसरी पांढऱ्या रेघांची.

"दोन कुठल्या? जोडा आहे तो," अख्तरबानू म्हणाल्या.

"आपा, पुढचे पंख बघा ना, किती वेगळे आहेत!"

"माझे आणि माझ्या नवऱ्याचे कपडेही वेगळेच असतात."

नम्रता हसली, पण यादी तशीच राहिली. अख्तरबानूंना ते लागलं. अळ्या गुळवेल खातात, हे नम्रताकडूनच त्यांना कळलं होतं. पुढच्या क्रेटमध्ये सापडलेला एक रेघांचा पतंग त्या डब्यातून बिबवेवाडीला घरी घेऊन आल्या. गॅलरीतल्या गुळवेलीवर मच्छरदाणी टाकली, आत पतंग सोडला, मोसंबीची फोड ठेवली.

"पाहुणीला चहाही विचारा," त्यांचे पती दादामियाँ म्हणाले.

पाहुणीने अंडी घातली. चार-पाच दिवसांत अळ्या निघाल्या आणि बघता बघता वेलीवर पान उरेना. मग दादामियाँच शेजाऱ्यांकडे गुळवेल मागत फिरू लागले. पुढे कोष झाले, आणि एका सकाळी जाळीत सात पतंग बसले होते. चार साधे, तीन रेघांचे.

नम्रता फोन ठेवून थेट आली. वाकून बघतच राहिली.

"सगळी एकाच आईची?"

"नाहीतर काय, भाड्याने आणली?"

"चुकलेच मी, आपा. रेघांची ती मादी." मग तिने आणखी एक सांगितलं. जुन्या पुस्तकांत हे पतंग वेगळ्याच कुळात घातलेले होते, ते शास्त्रज्ञांनी नंतर बदललं.

"म्हणजे मोठी माणसंही चुकतात. बरं वाटलं."

सातही पतंग तळजाईच्या टेकडीवर सोडायचे ठरले. "मंडईच्या दिशेने नको," अख्तरबानूंनी बजावलं.

आठवड्याने नम्रताने सुधारलेली यादी आणून दिली. पतंगाच्या नावापुढे लिहिलं होतं: 'नर-मादी निरीक्षण, अख्तरबानू बागवान.' दादामियाँनी ती ओळ मोठ्याने दोनदा वाचली. अख्तरबानू म्हणाल्या, "अजून एकदा वाचा."